सगळ्यास्नी घिऊन या

१

आक्काताईंच्या तोंडून 'जा' हा शब्द कुणी कधी ऐकला नव्हता. दारातून निघालेल्या माणसाला 'या' म्हणायचं ही रीत तर आपल्याकडं सगळ्यांचीच, पण आक्काताईंचं 'या' जरा लांबलचक होतं. भांडी घासायला येणारी असो, गॅसवाला असो, वर्गणीची पावती फाडून निघालेली तालमीची पोरं असोत, त्या उंबऱ्यापर्यंत जायच्या आणि म्हणायच्या, "या की परत. आन् येताना सगळ्यास्नी घिऊन या."

भाऊसो, म्हणजे त्यांचे यजमान, हायस्कूलात सायन्स शिकवून रिटायर झालेले. ते पेपरातून डोकं वर न काढता म्हणायचे, "अगं, त्यो लाइटबिलवाला हाय. सगळ्यास्नी घिऊन आला तर बसवणार कुठं?"

"माझ्या घरात जागा कमी पडली तर सांगा मला," आक्काताई म्हणायच्या. आणि खरंच कधी कमी पडली नाही. त्यांचा चहा नेहमी दोन कप जास्तच व्हायचा, आणि तो प्यायला कुणी ना कुणी नेमकं टपकायचं.

सत्त्याण्णव साली शाहूपुरीतलं ते भाड्याचं घर सुटायची वेळ आली. मालकांनी जागा बिल्डरला दिली होती, घर पाडून अपार्टमेंट उठणार होतं. भाऊसोंनी फुलेवाडीच्या पुढं प्लॉट घेऊन घर बांधलं होतं, तेव्हा रडारड करायचं काही कारण नव्हतं. स्वतःचं घर, वर स्लॅब, नळाला पाणी. आक्काताईंनी तर भिंतींचा रंगसुद्धा स्वतः निवडला होता, आणि तो इतका पोपटी होता की रिक्षावाल्याला पत्ता सांगायची गरजच पडत नव्हती.

अडलं होतं फक्त अनंताशी. घरामागच्या परड्यात, आडाच्या कडेला, अनंताचं जुनं झाड होतं. त्यांची एकुलती एक लेक प्रीती त्याचीच फुलं माळून शाळा-कॉलेज शिकली आणि लग्न होऊन जयसिंगपूरला गेली. आता तिला दिवस राहिले होते. मागच्या वर्षी तिचं मूल पोटातच गेलं होतं, त्यामुळं या खेपेला सगळे जीव मुठीत धरून होते. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं की पोरीला दगदग नको आणि जिवाला घोर तर अजिबात नको. सातवा सरता सरता तिला बाळंतपणाला माहेरी आणायचं ठरलं होतं.

फोनवर प्रीतीनं एकच मागितलं. "आई, नव्या घरात अनंत पायजे. त्याच्या वासाशिवाय मला माहेर वाटायचंच न्हाय."

२

भाऊसोंचं म्हणणं, मे महिन्यातच सामानाबरोबर झाड हलवावं. टेम्पो एकच, खेप एकच.

"अहो, वयात आलेलं झाड हाय त्ये," आक्काताई म्हणाल्या. "जुन्या माणसाला भर उन्हाळ्यात गाव सोडायला लावतंय व्हय कोण? रोप असतं तर गोष्ट येगळी. मोठ्या झाडाला पावसाळाच पायजे. मृगात बी न्हाय, जमीन आतनं तापलेली असती. आर्द्रा निम्म्या झाल्या, आभाळ बसलं, की मग."

या बाबतीत भाऊसोंनी माघार घेतली, कारण लग्नापासून त्यांनी लावलेलं एकही झाड जगलं नव्हतं. बिल्डरला सांगून परड्यापुरती मुदत वाढवून घेतली. सामान पुढं गेलं, झाड मागं राहिलं.

मग आक्काताई दर दोन-चार दिवसांनी बसनं शाहूपुरीला यायच्या आणि झाडाची तयारी करायच्या. खोडापासून हातभर अंतरावर कुदळीनं चर मारला, तोही एकदम गोल नाही. आधी अर्ध्या बाजूनं, मग दम खाऊन उरलेल्या अर्ध्या बाजूनं, म्हणजे लांब गेलेली मुळं तुटतात आणि झाड खोडाजवळच नवी मुळं धरतं. फांद्या छाटून खांद्याएवढ्या केल्या. कळ्या लागल्या होत्या, त्या एकेक करून खुडल्या. हे करताना त्यांना लई वाईट वाटलं. पण फुलं आणि मुळं दोन्ही एकदम सांभाळणं झाडाला झेपत नाही, हे त्या जाणून होत्या.

निघायच्या आदल्या संध्याकाळी एक काम उरलं होतं, बोलावण्याचं. त्यांच्या माहेरी, कुरुंदवाडला, जुनं झाड हलवायचं तर आदल्या दिवशी त्याला रीतसर बोलवायची पद्धत होती. बुंध्याशी पाणी घालायचं, हळदकुंकू लावायचं, उगवतीकडच्या फांदीला दोरा बांधायचा, म्हणजे नव्या जागी तोंड फिरत नाही. मग सांगायचं. आई काय सांगायची त्याचे नेमके शब्द मात्र आक्काताईंना काही केल्या आठवेनात.

त्यांनी थोडा वेळ डोकं खाजवलं. मग म्हणाल्या, बोलवायचंच आहे नव्हं, त्यात काय एवढं. आडाच्या कट्ट्याला टेकून, पाव्हण्यांना करतात तसा नमस्कार करून त्या म्हणाल्या, "उद्या निघायचं हाय बरं का. नवं घर मोठं हाय, जागेला काय तोटा न्हाय. यायचं. आन् येताना सगळ्यास्नी घिऊन या."

आडात काहीतरी डुबुक् वाजलं. बेडूक असणार, असं त्यांना वाटलं, आणि त्या पिशवी उचलून बसस्टॉपकडं निघाल्या.

३

दुसऱ्या दिवशी शमशुद्दीन टेम्पो घेऊन आला. तो आणि त्याचा भाऊ उमर, दोघंही मार्केट यार्डात गुळाचे रवे, म्हणजे मोठाल्या ढेपा, उचलणारे. मातीच्या गोळ्यासकट झाड किंतानात बांधून दोघांनी सहज वर चढवलं. आभाळ भरलेलं होतं, ऊन नव्हतं, जसं पाहिजे तसं.

शमशुद्दीननं गाडी चालू केली. गाडी जागची हलेना. तो खाली उतरला, वाकून मागची चाकं बघितली, टोपी मागं सरकवली.

"काकी, अजून काय ठेवलंय व्हय मागं?"

"काय न्हाय रं बाबा. झाड आन् मी ठेवलेली घागर."

"पाटं बसल्यात की गाडीचं, स्प्रिंगा पार दबल्यात. गुळानं गच्च भरल्यावर बसतात तसं." त्यानं मागं जाऊन हौद्यात बघितलं. अनंत, घागर, कुदळ. उमर म्हणाला, हवा कमी असंल. दोघांनी चाकांना लाथा घालून बघितल्या. हवा बरोबर होती.

शेवटी गाडी निघाली, पण फुलेवाडीपर्यंत पहिल्या-दुसऱ्या गियरमध्येच. आक्काताई पुढं बसून शमशुद्दीनच्या लेकीच्या, फरहीनच्या, शाळेची चौकशी करत होत्या. पोपटी घरासमोर झाड उतरवलं आणि शमशुद्दीन परत वळला, तेव्हा गाडी अशी उडाली की तो कोपऱ्यावरच्या डबक्यात जाता जाता वाचला.

आक्काताईंनी हात करून ओरडून सांगितलं, "या की चहाला, सगळ्यास्नी घिऊन." शमशुद्दीननं खिडकीतून हात हलवला, पण या खेपेला तो थांबला नाही.

४

नव्या घरामागं मोकळी जागा होती, तिच्या पलीकडं कंपाउंडची भिंत आणि भिंतीपलीकडं नुसता ऊस. डावी-उजवीकडं रिकामे प्लॉट. अनंत स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर लागला, दोरा उगवतीकडं, पहिल्या जागी होता तेवढ्याच खोलीवर, ना बोटभर वर ना खाली.

मोठं झाड हलवलं की ते रुसतंच. पानं मान टाकतात, पिवळी होतात, निम्मी गळतात. आक्काताईंनी मनाची तयारी ठेवली होती, सावलीला गोणपाट बांधलं होतं. पण अनंताचं एक पानही पडलं नाही. पानं अशी तकतकीत की जणू तो कुठून आलाच नव्हता. भाऊसो खूश झाले. "बघ, आर्द्रांचा मुहूर्त. मानलं तुला."

आक्काताईही हसल्या. फक्त रोज सकाळी त्या खिडकीतून बघायच्या आणि मनात म्हणायच्या, एखादं तरी गळायला पाहिजे होतं.

मग एका दुपारी, जेवणं झाल्यावर, भाऊसो आत आडवे झाले असताना, त्यांना रहाट ऐकू आला. कुर्र, कुर्र, थोडं थांबून परत कुर्र, आणि मग बादली पाण्यावर आपटल्याचा आवाज. जन्मभर ऐकलेला आवाज असल्यामुळं त्यांना त्यात वावगं काही वाटलंच नाही. भांडं विसळून पालथं घातलं, हात पुसले, आणि मग लक्षात आलं की या घराला आड नाही.

"नळाच्या पाइपात हवा अडकती," भाऊसो म्हणाले. "नवं प्लंबिंग. प्रेशर कमी-जास्त झालं की असा आवाज येतो."

"व्हय, तसंच असंल," आक्काताई म्हणाल्या, कारण त्यांनाही तसंच असायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी पाइपातल्या हवेनं धुणं धुतलं. दगडावर कापड आपटल्याचा आवाज, एकाचा नाही, लयीत दोघी-तिघींचा. भाऊसोंनी मग स्लॅब तापून-निवून आकसतो, हे समजावून सांगितलं. बाहेर त्या दिवशी पावसाची झड होती, ऊन कुठं पडलंच नव्हतं. ते आक्काताईंनी काढून दाखवलं नाही. बिचारे एवढं मनापासून समजावत होते.

चहाचं मात्र नवल होतं. दोघांपुरता टाकावा म्हणून त्या पाणी मोजून ठेवायच्या, आणि उकळी आली की पातेलं काठोकाठ भरलेलं असायचं. हात आपला आपण पाणी वाढवत होता. कुणी येत तर नव्हतं, त्या आडवळणी प्लॉटावर येणार कोण. चहा निवून जायचा. तरी संध्याकाळी पातेलं रिकामं असायचं, आणि ते आपण ओतून दिलं की काय, हे त्यांना आठवायचं नाही.

५

कुरुंदवाडच्या बनामावशी नवं घर बघायला आल्या. आक्काताईंच्या आईची ही धाकटी बहीण, तोंडाची फटकळ आणि कानांनी तिखट. पोपटी रंग बघून म्हणाल्या, "पोपट चावला का गं तुला?" आणि पुरणपोळी दाबून जेवल्या.

जेवण होऊन मागं हात धुवायला गेल्या आणि तशाच ओल्या हातांनी परत आल्या.

"आक्का, झाडाला बोलावणं केलतंस?"

"केलतं की."

"काय म्हणालीस?"

"या म्हटलं. सगळ्यास्नी घिऊन या."

बनामावशी खुर्चीवर बसल्या. ओले हात पदराला पुसले. "एकट्यानं ये म्हणायचं असतंय, बाई. तुझी आई काय म्हणायची? 'अनंता, तू एकट्यानं ये.' एवढंच. बाकी काय बोलायचंच न्हाय."

"सगळी म्हंजे कोण, मावशी?"

"मला काय म्हाईत. ज्या घरची ती त्या घरास्नी म्हाईत."

भाऊसो पेपर बाजूला ठेवून उठले. एवढ्या वर्षांत त्यांनी वर्गात हजार पोरांची भीती काढली होती. ते बाहेर गेले, अनंताभोवतीच्या जमिनीवर उभे राहिले आणि "ही बघा जमीन, भरीव, दगडी मुरूम" असं म्हणत त्यांनी पाय आपटला. आवाज पोकळ आला, खाली खोलवर गेला आणि परत वर आला. त्यांनी अजून एकदा, जरा हळू, पाय टेकवला. मग ते तिथून बाजूला झाले आणि भिंतीच्या कडेकडेनं घरात आले.

"मुरूम जरा ठिसूळ हाय," ते म्हणाले.

आक्काताईंच्या डोळ्यांसमोर फक्त प्रीती होती. पोरगी आठवड्याभरात येणार. तिच्या कानावर हा रहाट पडला, तिच्या जिवाला घोर लागला, आणि मागच्यासारखं काही झालं तर? त्या म्हणाल्या, "मावशी, ह्यास्नी वाटंला कसं लावायचं, तेवढं सांगा."

"पावण्यांस्नी लावतात तसं. वटी भर, हळदकुंकू लाव, आन् सरळ तोंडानं म्हण, जा."

"जा?"

"जा."

आक्काताईंनी भाऊसोंकडं बघितलं. भाऊसोंनी छताकडं.

६

तेव्हापासून घरात 'जा'ची तालीम सुरू झाली. आक्काताईंनी आधी मांजरावर प्रयोग केला. मांजराला त्या म्हणाल्या, "बरं मग, ये हं." कावळ्याला म्हणाल्या, "या." भाऊसो समोर उभे राहिले. "मला म्हण. मी पाव्हणा हाय. म्हण, जा."

"तुमाला? आन् मी जा म्हणू?" त्या इतक्या हसल्या की ठसका लागला. भाऊसोही हसले. बऱ्याच दिवसांनी त्या घरात दोघांचंच हसणं वाजलं, निदान दोघांना तसं वाटलं.

एका सकाळी, पाऊस उघडला होता तेव्हा, त्या ताट घेऊन मागं गेल्या. तांदूळ, नारळ, खण, हळदकुंकू. भाऊसो दारात थांबले. रहाट सकाळपासून चालू होता, तो थांबला.

बुंध्याला कुंकू लावायला आक्काताई वाकल्या. छाटलेल्या फांद्या खांद्याएवढ्या, पानं गच्च, पण बुडाशी खोड मोकळं होतं. तिथून पलीकडचं दिसलं. लुगड्यांचे ओले काठ दिसले, काठांखाली पाय, ओले, चिखलात दाटीवाटीनं उभे. एकीच्या पायांत जोडवी होती. एका पायाच्या बाजूला कळशीचं बूड टेकलेलं होतं. आक्काताई ताठ उभ्या राहिल्या. झाड त्यांच्या खांद्याएवढं, त्याच्यावरून पलीकडची भिंत आणि भिंतीवरचा ऊस स्पष्ट दिसत होता. मधे कुणी नव्हतं. त्या पुन्हा वाकल्या नाहीत.

खण-नारळ बुंध्याशी ठेवला. मनात राग नव्हता, हे त्यांनी पुढं भाऊसोंना सांगितलं. वाईटच वाटत होतं. भर पावसात, ओल्या पायांनी आलेली माणसं, आपणच बोलावलेली, आणि आपणच दाराबाहेर काढायची. त्यांनी हात जोडले, श्वास घेतला, प्रीतीचं नाव मनात घेतलं.

"बरं मग," त्या म्हणाल्या. "या हं."

बाहेरच्या दाराची कडी वाजली. शाहूपुरीच्या घराची, लोखंडी, जड. या घराला तसली कडी कुठं नव्हतीच.

भाऊसो दारातून म्हणाले, "काय म्हणालीस तू?"

"म्हणालो की."

"या म्हणालीस."

"मग काय करू? दारातनं माणसाला जा म्हणतंय व्हय कोण?" असं म्हणून आक्काताई पायरीवर बसल्या आणि पदर तोंडाला लावून रडल्या.

७

पण माणसं गेली. 'या' म्हटलं तरी गेली, जशी शहाणी माणसं जातात. रहाट थांबला, धुणं थांबलं. भाऊसोंनी परत एकदा पाय आपटून बघितला, आवाज भरीव आला. चहा दोघांपुरता होऊ लागला. आणि एका सकाळी अनंताची पानं पिवळी पडली, मान टाकून, रुसलेल्या झाडाची पडतात तशी. आक्काताईंनी एकेक पिवळं पान उचलून ओच्यात घेतलं. जन्मात त्यांना पानगळीचा एवढा आनंद झाला नव्हता. झाड जगणार होतं, खाली बारीक कोंब दिसत होते. ते आता फक्त झाड होतं.

"प्रीतीला ह्यातलं काय बोलायचं न्हाय," दोघांनी ठरवलं.

प्रीती आली ती जीपमधून उतरताच हसत सुटली. "आई, पोपटी? बाबा, तुम्ही होतासा कुठं तवा?" तिला ओवाळून आत घेतलं. पोरगी चांगली भरली होती, तोंडावर तेज होतं. आक्काताईंनी दोनदा दृष्ट काढली. भाऊसो तिच्यासाठी पाठीमागं उशी ठेव, पाय वर घे, असं करत तिच्याभोवती फिरत होते.

"थांबा हो, आधी माझा अनंत बघून येतो," म्हणून ती मागं गेली. आक्काताईंनी चहा ठेवला. तिघांपुरता, मोजून. खिडकीतून प्रीतीची पाठ दिसत होती, झाडाशी वाकलेली. काहीतरी बोलत होती. झाडाशी बोलायची सवय तिला लहानपणापासूनच होती.

बऱ्याच वेळानं ती आत आली आणि पाटावर हळूच टेकली. पोटावरचा पदर ओला होता.

"किती छान शेजारणी मिळाल्यात गं तुला," ती म्हणाली. "मला वाटलेलं हितं आजूबाजूला कोण न्हाय. कितवा म्हणून विचारत होत्या. आठवा लागला म्हटलं. एकीनं पोटावर हात ठेवला, कसला गार हात, बाळ असं फिरलं आतल्या आत. लई माया करत होत्या, आई. निघताना उगंच दारात घुटमळत होत्या, मलाच वाईट वाटलं."

भाऊसोंच्या हातातली उशी तशीच राहिली. आक्काताईंनी विचारलं, "मग काय म्हणालीस?"

प्रीती हसली. "काय म्हणणार? तुझीच लेक मी. म्हटलं, बारशाला या. सगळ्यास्नी घिऊन या."

आक्काताई गॅसकडं वळल्या, आणि पातेल्यात अजून पाणी ओतलं.